चपला ठेवा आणि वाळूत उतरा

गेल्या डिसेंबरातल्या एका संध्याकाळी मालवणच्या चिवला बीचवर मी सात जणांच्या चपला, चार मोबाइल आणि दोन चष्मे सांभाळत बसले होते. घरातले पुरुष आणि मुलं पाण्यात. माझ्या डाव्या-उजव्या हाताला माझ्यासारख्याच पाच-सहा बायका बसलेल्या, प्रत्येकीपुढे चपलांचा ढीग. कोणी सांगलीची, कोणी बेळगावची, कोणी डोंबिवलीची. मी कोल्हापूरची, वय पंचावन्न, बँकेत नोकरी. शाळेत चार वर्षं खो-खो खेळले, जिल्हा पातळीपर्यंत गेले. दहावीनंतर खेळ सुटला तो सुटलाच.

वीसेक पावलांवर शाळकरी मुली टाचेनं ओल्या वाळूत रेघा ओढत होत्या. मधली रेघ, दोन्हीकडे निदानरेषा, कडा. कबड्डीचं मैदान पाच मिनिटांत तयार झालं. मग त्यांनी आपापसात मोजदाद केली आणि त्यातली थोरली सरळ माझ्याकडे आली. "येवा काकी, आमका एक गडी कमी आसा."

मी आधी चपलांकडे बघितलं. मग उठले.

चार-चार जणींचा डाव होता. बीच कबड्डीचा नियमच तसा आहे, एका बाजूला चौघी. २००८ मध्ये बालीला पहिल्या आशियाई बीच क्रीडा स्पर्धा झाल्या, तेव्हापासून हा प्रकार त्या स्पर्धांत खेळला जातो. मला हे माहीत नव्हतं, त्या मुलींनी सांगितलं. पहिल्या चढाईला मी मधली रेघ ओलांडली आणि तीन पावलांतच कळलं की वाळू पाय सोडत नाही. टाच रुतते, पोटरी ताणली जाते, वळायला गेलं की अंग पुढे आणि पाय मागे. खाऱ्या वाऱ्यात दम घुमवणं वेगळंच. कोपऱ्यातल्या मुलीनं माझा घोटा धरला. तिची बोटं ओली, वाळूनं खरखरीत, आणि पकड अशी की मी जागच्या जागी बसले. लागलं मात्र कुठेच नाही. त्याच मुलीनं हात देऊन उठवलं, पाठीवरची वाळू झाडली आणि म्हणाली, "काकी, खाली वाकून येवा." तिसऱ्या चढाईला मी वाकून गेले, एकीला हात लावला आणि परत आले. चाळीस वर्षांनी मी कुणाला तरी बाद केलं होतं. माझा नवरा तेवढ्यात पाण्यातून बाहेर येऊन चपला शोधत होता. मोबाइल आणि चष्मे त्याच्या हातात दिले आणि मी पुन्हा आत गेले.

तेव्हापासून भेटेल त्याला एकच सांगते आहे. समुद्रावर सुट्टीला जाता ना, मग तिथल्या लोकांबरोबर खेळा. गिऱ्हाईक म्हणून नव्हे, गडी म्हणून मैदानात उतरा.

आपली सुट्टी कशी असते ते बघा. सहा-सात तास गाडीत बसून घाट उतरायचा, सुरमई-सोलकढीचं ताट रिचवायचं, झोपायचं, संध्याकाळी पाण्यात पाय बुडवून फोटो काढायचे, रात्री पुन्हा जेवायचं. दुसऱ्या दिवशी पैसे भरून मोटारबोटीला बांधलेल्या फुग्यावर बसायचं. त्यात आपलं शरीर काही करत नाही, बोट करते. तीन दिवसांनी परत निघताना कंबर आणि गुडघे आले होते तसेच आखडलेले. उलट वाळूत चालणं हाच केवढा व्यायाम आहे! बेल्जियमच्या संशोधकांनी १९९८ मध्ये मोजून दाखवलं की कडक जमिनीपेक्षा वाळूत चालायला दुपटीहून जास्त ऊर्जा लागते आणि पळायला साधारण दीडपटीहून थोडी जास्त. अर्धा तास खेळलात तरी दुपारचं जेवण सत्कारणी लागतं.

त्या मुलींकडून मी आणखी एक गोष्ट शिकले, ती भरती-सुकतीची. कोकणात जुना हिशेब आहे: तिथीला तीननं गुणायचं आणि चारनं भागायचं, भरतीची वेळ निघते. पंचमीला पावणेचारच्या आसपास, अष्टमीला सहाला, पौर्णिमा-अमावास्येला अकरा-बाराच्या सुमारास. त्यानंतर साधारण सहा तासांनी सुकती. गावागावांत थोडा फरक पडतो, पण अंदाज चुकत नाही. म्हणजे पौर्णिमा-अमावास्येच्या आगेमागे संध्याकाळी पाच-सहाला समुद्र लांब आत गेलेला असतो आणि ओली, घट्ट, सपाट वाळू मैलभर मोकळी होते. गावातली पोरं नेमकी तेव्हा बाहेर पडतात. कबड्डी, व्हॉलीबॉल, टेनिस चेंडूचं क्रिकेट, फुटबॉल, सगळं त्या दोन तासांत. अष्टमीच्या संध्याकाळी गेलात तर मैदान पाण्याखाली असतं आणि तुम्हाला वाटतं, इथे कोणी खेळतच नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी रापण लागली होती. होडीनं समुद्रात लांबवर अर्धगोल जाळं टाकलेलं, त्याचे दोन दोर किनाऱ्यावर, आणि प्रत्येक दोरावर वीसेक माणसं. रापण हा खेळ नाही, ती त्यांची रोजीरोटी आहे, म्हणून आधी विचारलं. "लावा हात," म्हणाले. दोर कमरेशी घेऊन, टाचा रोवून, सगळ्यांच्या तालात मागे मागे जायचं. आपण एकट्यानं जोर लावून उपयोग नसतो. शेजारचा ओढतो तेव्हाच ओढायचं. तासाभरानं दोन्ही दोर जवळ आले आणि जाळं काठाला लागलं, तेव्हा माझे तळहात लाल झाले होते. हात लावणाऱ्याला चार मासे देण्याची तिथे रीत आहे. मला मिळालेले बांगडे मी खानावळीच्या मावशींकडे दिले. त्या दुपारचं जेवण मी विसरणार नाही.

पाण्याबद्दल मात्र हौस बाजूला ठेवा. याच चिवल्यावर समुद्रात पोहण्याच्या स्पर्धा होतात, लहान मुलांपासून ज्येष्ठांपर्यंतचे गट असतात, पण ती माणसं सराव करून येतात. आपण कुठे उतरायचं हे तिथल्या मच्छीमाराला विचारावं. खाडीच्या मुखाशी उतरू नये, पावसाळ्यात तर नाहीच. पाण्यानं आत ओढलं तर त्याच्याविरुद्ध हातपाय न मारता किनाऱ्याला समांतर पोहत बाजूला व्हावं. आणि खेळाचं म्हणाल, तर पहिल्या दिवशी वीस मिनिटं पुरे. माझ्या पोटऱ्या दोन दिवस धरल्या होत्या. आधी अंग मोकळं करा, भरल्या पोटी खेळू नका, काचा-शिंपले बघून मगच अनवाणी व्हा.

एका गोष्टीचा मला राग आहे आणि तो लिहिल्याशिवाय राहवत नाही. आम्ही कबड्डी खेळलो त्याच संध्याकाळी पर्यटकांची एक जीप वाळूवरून भरधाव आली आणि मुलींनी आखलेल्या मैदानावरून गेली. मुली बाजूला झाल्या, काही बोलल्या नाहीत, चाकांच्या चाकोऱ्या पायांनी बुजवून पुन्हा रेघा ओढू लागल्या. गाडीतले हसत होते. कोकणच्या अनेक किनाऱ्यांवर हिवाळ्यात ऑलिव्ह रिडले कासवं कोरड्या वाळूत अंडी घालतात, त्यांनाही हीच चाकं भोवतात. खेळणारी मुलं ओल्या वाळूत खेळतात, पुढच्या भरतीला त्यांची एकही रेघ उरत नाही. गाडीची हौस रस्त्यावर भागवा. ग्रामपंचायती आणि नगरपालिकांनी किनाऱ्यावर गाड्या उतरण्याच्या वाटा दगड लावून बंद कराव्यात. याला मोठा निधी लागत नाही.

या मुलींना शाळेचं मैदान लहान पडतं म्हणून त्या वाळूवर येतात. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक आपल्या महिलांनी जिंकला. कर्णधार प्रियांका इंगळे आपल्या महाराष्ट्राची. थोरल्या मुलीला ते नाव पाठ होतं. मी खो-खो खेळायची हे कळल्यावर शेवटच्या संध्याकाळी त्यांनी मला पाटी कशी टाकायची ते विचारलं. आम्ही दोन काठ्या रोवून खुंट केले आणि अंधार पडेपर्यंत खेळलो. त्या दिवशी माझ्याबरोबर सांगलीच्या वहिनी आणि डोंबिवलीची ताईही होत्या. चपला एका ढिगात पडल्या होत्या. एकही हरवली नाही.

या वर्षी कोकणात जाणार असाल तर खोली ठरवण्याआधी कालनिर्णय उघडा, पौर्णिमा-अमावास्या बघा आणि बॅगेत खेळायचे कपडे टाका, घरातल्या बायकांचेसुद्धा.