आधी भिंत बघा, मग मशीन

घरदुरुस्तीसाठी ड्रिल मशीन घ्यायला माणूस दुकानात गेला की पहिली गोष्ट निघते ती वॅटची. पाचशेचं घ्यावं की आठशेचं? भालकी, बसवकल्याण, औराद, आळंद, कुठल्याही बाजारात जा, गिऱ्हाईक वॅट विचारतं आणि दुकानदार वॅट सांगतो. घराच्या भिंती कशाच्या आहेत, हे कुणी कुणाला विचारत नाही. माझं म्हणणं असं की बीदर-कलबुर्गीच्या या सीमाभागात निवड भिंतीवरूनच झाली पाहिजे. हातात पैसे मोजके असतील तर मग त्याला पर्यायच नाही.

जास्त वॅट म्हणजे जास्त ताकद, हा वॅटवाल्यांचा पक्ष. पण मशीनच्या पाटीवरचा आकडा सांगतो तो मशीन वीज किती ओढतं एवढंच. त्यातली किती बिटाच्या टोकापर्यंत पोचते, ते मोटर, वायडिंग आणि गिअर यांवर ठरतं. बिननावाच्या मशीनच्या खोक्यावर मोठा आकडा छापायला तर काहीच लागत नाही. खरा फरक ठोक्याचा आहे. साध्या इम्पॅक्ट ड्रिलमध्ये दोन दातेरी चकत्या एकमेकींवरून उड्या घेतात. मिनिटाला चाळीस हजारांवर ठोके पडतात, पण एकेक ठोका बारका. विटेला आणि सिमेंटच्या ब्लॉकला तो पुरतो. रोटरी हॅमरमध्ये दट्ट्या हवेच्या दाबानं ठोका मारतो. ठोके मिनिटाला चार-पाच हजारच, पण एकेकात दोन-अडीच ज्यूलचा जोर असतो. म्हणून सहाशे वॅटचं रोटरी हॅमर ज्या स्लॅबमध्ये सरळ शिरतं, तिथं आठशे वॅटचं इम्पॅक्ट ड्रिल नुसतं बीट तापवत बसतं.

मग सगळ्यांनी रोटरी हॅमरच घ्यावं, असं कुणी म्हणेल. इथं आपला मुलूख आडवा येतो.

या दोन जिल्ह्यांत दगड एका जातीचा नाही. बीदर शहर जांभ्याच्या पठारावर बसलेलं आहे. किल्ल्याभोवतीचा तिहेरी खंदक याच खडकात खोदलेला. जांभ्याच्या अंगात पोकळ्या असतात. बीट भराभर आत जातं, मध्येच पोकळी लागते आणि प्लास्टिकची गिट्टी भोकात गरागरा फिरते. ठोक्यानं ते भोक आणखी ढिलं होतं. तिथं ठोका बंद ठेवून, एक माप बारीक बिटानं भोक पाडून, लांब गिट्टी बसवावी लागते. शहाबाद, चित्तापूर, सेडमकडे चुनखडीचा दगड. शहाबादी फरशी आपल्या ओट्यावर, कपाटाच्या फळ्यांना, न्हाणीत सगळीकडे. ती थराथरांची असते. ठोका लावला की टवका उडतो, नाहीतर आरपार तडा जातो. ती फक्त फिरत्या बिटानं, सावकाश, थेंबभर पाणी सोडत पाडायची. पाण्याचा थेंब बिटाच्या टोकाशी, मशीनपर्यंत नाही. आळंद-अफजलपूर आणि भालकी-बसवकल्याणच्या बाजूला काळा पाषाण. त्याला इम्पॅक्ट ड्रिल दाद देत नाही. तिथं रोटरी हॅमरच हवं, पण एवढ्या कामाला एक दिवस भाड्यानं आणलं तरी भागतं.

आता ज्यासाठी हा लेख लिहायला घेतला, तिकडे वळतो. गावोगावच्या जुन्या घरांच्या भिंती दगड आणि पांढऱ्या मातीच्या आहेत. दोन-अडीच फूट जाड, बाहेरून एक दगडी थर, आतून दुसरा, मध्ये बारीक दगड आणि माती. दोन्ही थर बांधून ठेवणारे आरपार दगड बहुतेक घरांत नसतात. वर माळवद, त्यावर फूटभर किंवा त्याहूनही जाड मातीचा भार. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात औसा-उमरगा पट्ट्यात हजारो माणसं गेली, ती अशाच घरांखाली. तो पट्टा बसवकल्याण-आळंदच्या शेजारचाच, आणि तशीच घरं इकडे आजही उभी आहेत. जुन्या दगड-मातीच्या भिंती मजबूत करण्याच्या ज्या रीती अभियंत्यांनी सांगितल्या, त्यांत भिंतीत भोक पाडून सळई आणि काँक्रीटचा आरपार सांधा भरायचा असतो. ते भोक पाडताना दगड ठोकू नका, हलवून हलवून सोडवा, म्हणजे शेजारचे दगड हलणार नाहीत, असं बजावलेलं आहे. भिंत वाचवण्यासाठी पाडलेल्या भोकाला जर एवढा जपलेला हात लागतो, तर टीव्हीच्या फळीसाठी त्याच भिंतीवर हॅमर चालवायचा कशासाठी?

यावर उत्तर ठरलेलं असतं. इतक्या वर्षांत काही झालं नाही, एका भोकानं काय होणार? एका भोकानं भिंत पडत नाही, हे मला मान्य आहे. पण दुरुस्ती एका भोकाची नसते. पडद्यांच्या दांड्या, पाण्याच्या नळीच्या पट्ट्या, इन्व्हर्टरची फळी, वायरिंगची खाच, सगळं एकाच हंगामात निघतं. ठोक्यानं सुटलेली माती गिलाव्याआड खाली बसते, वर पोकळी राहते, आणि पुढच्या पावसाळ्यात तिथं भिंत फुगते. अशा घरात भार खांबांवर घ्यावा. खणाच्या घरात माळवद पेलायला लाकडी खांब आणि तुळया असतातच. खांबाला तीन-चार मिलिमीटरचं बारीक भोक पाडून स्क्रूनं लाकडी पट्टी बसवा आणि फळी, घड्याळ, बोर्ड तिला अडकवा. या कामाला कुठलंही साधं ड्रिल पुरतं, ठोक्याची गरजच नाही.

म्हणून कमी पैशात घ्यायचं मशीन मला असं दिसतं. वायरवालं, पाचशे ते सहाशे वॅटचं, तेरा मिलिमीटर चकचं, ट्रिगरवर वेग कमी-जास्त होणारं, उलटं-सुलटं फिरणारं, आणि ठोका बंद करता येणारं इम्पॅक्ट ड्रिल. ठोका बंद करायचं बटण माझ्या लेखी वॅटपेक्षा मोलाचं. ओळखीच्या कंपनीचं असं मशीन साधारण दोन-अडीच ते साडेतीन हजारांत मिळतं. शंभर नगांची भरलेली पेटी घेऊ नका. तिच्यातली बिटं दोन भोकांत बोथट होतात. त्याच पैशात कार्बाइड टोकाची सहा, आठ आणि दहा मिलिमीटरची चांगली बिटं घ्या, लोखंड-लाकडासाठी वेगळी एचएसएसची घ्या, आणि चष्मा व मास्क घ्या. दगड-काँक्रीटच्या धुळीत सिलिका असते आणि ती फुप्फुसात बसते.

बॅटरीवरच्या मशीनचे कैवारी विजेच्या लपंडावाचा दाखला देतात. लाकूडकाम करणाऱ्याला, शिडीवर चढणाऱ्याला ते सोयीचं आहे, यात वाद नाही. पण घरी वर्षातून चार वेळा वापरायच्या मशीनची बॅटरी वापराविनाही म्हातारी होते, आणि नवी घ्यायची तर मशीनच्या किमतीचा मोठा हिस्सा पुन्हा मोजावा लागतो.

मिस्त्री असताना स्वतःचं मशीन कशाला, हा पक्ष जास्त वजनाचा आहे. पाच-सात भोकांचं काम असेल तर खुशाल मिस्त्री बोलवा. पण दुरुस्ती महिनोन्‌महिने चालणार असेल तर दर खेपेच्या मजुरीत मशीन फिटतं. शिवाय मिस्त्री एकच मशीन घेऊन सगळ्या घरांना फिरतो, कुठली भिंत हे त्यालाही बघायला सवड नसते. सवड घरच्यांनीच काढायची असते.

दुरुस्तीची सोयही आधी बघावी. आपल्याकडे प्रत्येक तालुक्याच्या गावी शेतपंपाच्या मोटरी भरून देणारा कारागीर असतो. त्याच्याकडे या मशीनचे कार्बन मिळतात का, हे विचारून मगच पैसे द्या. नाहीतर बीदरहून हैदराबाद किंवा आळंदहून सोलापूर गाठावं लागतं.

एवढं बघायला वेळ कुणाला, असं विचारणाऱ्यांना सांगतो की वेळ फारसा लागत नाही. भिंतीतला जुना खिळा उपटा आणि भोकातून काय पडतं ते हातावर घ्या. लाल, कोरडी भुकटी आली तर वीट किंवा जांभा. करडी, बारीक पूड आली आणि आत कठीण लागलं तर काँक्रीट. पांढुरकी माती ढेकळांसकट पडली, तर त्या भिंतीसाठी हॅमरवर एक रुपयाही घालू नका.