परवाना तिघांचा

पूर्व लंडनमधील शॅडवेल भागात ५ मार्च २०२३ रोजी भल्या पहाटे एका सदनिकेस आग लागली. विजेवर चालणाऱ्या सायकलच्या बॅटरीतून ती भडकली. पोटापाण्यासाठी बांगलादेशातून नुकताच आलेला, दोन मुलांचा पिता असलेला एक भाडेकरू तीत प्राणास मुकला. या सदनिकेस टॉवर हॅम्लेट्स नगर परिषदेचा रीतसर परवाना होता. पण तो तिघांच्या वास्तव्याचा. प्रत्यक्षात तेथे दीड डझनाहून अधिक पुरुष दाटीवाटीने राहत होते. पुढे घरमालकांवर खटला होऊन दंड झाला. परंतु आग लागेपर्यंत तिघांच्या परवान्याआड इतकी माणसे खपून गेली, ती कशी?

इंग्लंडमध्ये यासंबंधीचा कायदा २००४चा. त्यानुसार २००६ पासून सामाईक भाडेघरांना परवाना सक्तीचा झाला. आरंभी ही सक्ती तीन वा अधिक मजल्यांच्या घरांपुरतीच होती. १ ऑक्टोबर २०१८ पासून मजल्यांची अट गेली. एकाहून अधिक कुटुंबांतील पाच वा अधिक माणसे एकाच छताखाली राहून स्वयंपाकघर वा स्नानगृह सामाईक वापरत असतील, तर परवाना हवाच. एका प्रौढाच्या निजण्याच्या खोलीस किमान ६.५१ चौरस मीटर, म्हणजे सुमारे ७० चौरस फूट जागा हवी, हा दंडकही तेव्हाच आला. ‘कुटुंब’ या शब्दाची तेथील व्याख्या मात्र आपल्या वाचकांस सुखावणारी आहे. आजी-आजोबा, काका, आत्या, मामा, पुतणे, भाचे, इतकेच नव्हे तर चुलत-मावस भावंडेदेखील त्या कायद्याने एकाच कुटुंबात धरली आहेत. दहा जणांचे एकत्र कुटुंब एका घरात सुखाने नांदत असेल, तर त्याला ही सक्ती लागू नाही. पुण्याहून शिकायला गेलेले पाच मित्र एकत्र राहिले, तर घरमालकाला परवाना घ्यावा लागतो.

याखेरीज आपल्या हद्दीतील सर्वच खासगी भाडेघरांना परवाना लावण्याची मुभा परिषदांना आहे. लंडनमधील न्यूहॅमने १ जानेवारी २०१३ पासून जवळजवळ संपूर्ण हद्दीत ती वापरली. मोठ्या योजनांस मंत्र्यांची संमती घेण्याची अट २०१५ मध्ये आली. डिसेंबर २०२४ मध्ये ती उठली. घरमालकांचा आक्षेप असा की, सचोटीने वागणारा शुल्क भरतो, ते अखेर भाड्यात मिसळते आणि लबाड माणूस अर्जच करीत नाही. या आक्षेपात तथ्य आहे. पण त्यावरचा उपाय परवाना रद्द करणे हा नव्हे. शुल्काच्या पैशातून निरीक्षक नेमावेत आणि त्यांनी दारावर थाप मारून आत किती खाटा आहेत हे मोजावे. शॅडवेलला परवाना होता. खाटा मोजणारा नव्हता.

आपल्याकडे तरी वेगळे काय आहे? महाराष्ट्रात भाडेकरार लेखी व नोंदणीकृत असावा, असे १९९९च्या भाडे नियंत्रण कायद्याने ठरविले आहे. भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्यात द्यावी लागते. ते योग्यच. राहणारा कोण, हे शासन विचारते. तो कशा खोलीत राहतो, हे मात्र सहसा कोणी विचारीत नाही. ‘कॉट बेसिस’वर एका खोलीत चार-चार मुले कोंबणाऱ्या पुण्यातील घरमालकास खोलीचे क्षेत्रफळ कोणत्या अधिकाऱ्याने विचारले आहे? महापालिका मालमत्ता कर मात्र न चुकता वसूल करते.

ज्या पालकांची मुले येत्या सत्रात इंग्लंडला निघाली आहेत, त्यांनी एक गोष्ट अवश्य करावी. दिलेल्या परवान्यांची नोंदवही लोकांस पाहावयास खुली ठेवणे, हे तेथील प्रत्येक परिषदेवर कायद्याने बंधनकारक आहे. अनामत रक्कम धाडण्यापूर्वी त्या घराचा पत्ता नोंदवहीत आहे काय आणि परवाना किती जणांचा आहे, हे पाहून घ्यावे.