दरी त्यांची, जागल आमची



भीमाने कीचकाला मारून जिच्यात फेकले असे सांगतात, ती चिखलदऱ्याची दरी पाहायला पावसाळ्यात मोटारींची रांग लागते. भीमकुंड, शक्कर तलाव, देवी तलाव, भोवती १९७४ पासूनचा मेळघाट व्याघ्रप्रकल्प. पाहावे असेच आहे. आमचे भांडण दरीशी नाही, वाघाशी तर नाहीच.

घाट उतरला की आमची कोरडवाहू काळी. रोह्यांना, डुकरांना हद्दीची पाटी वाचता येत नाही. ज्वारी निसवली की रात्रभर जागल, डबे बडवणे. कित्येकांनी ज्वारी पेरणेच सोडले. घरची भाकर गेली, बैलांचा कडबाही गेला. १९७२ च्या कायद्यात उभ्या पिकाला धोकादायक झालेल्या रोह्या-डुकरांना मारण्याची सोय आहे, पण अधिकाऱ्याच्या लेखी हुकुमाने. डुक्कर रात्री येते. हुकूम केव्हा येतो, हे ज्याने अर्ज केला त्याला विचारा!

पर्यटक तिकीट काढतो, हॉटेलवाला भाडे घेतो, सरकार कर घेते. जनावरांचा चारा मात्र आमच्या धुऱ्याच्या आतला, फुकट. जंगल सगळ्या देशाचे, तर त्याचा खर्चही सगळ्या देशाने उचलावा. खाल्लेल्या पिकाचे पैसे बाजारभावाने द्या, पुढच्या पेरणीआधी द्या. परवानगीचा कागद तालुक्याला नको, गावातच मिळाला पाहिजे.