बिदरच्या गोष्टीतून गळलेला गोवा

'एका दिवसात बिदर' नावाचा एक प्रकार असतो. सकाळी किल्ला, मग महमूद गवानचा मदरसा, जेवण, अष्टूरच्या कबरी, गुरुद्वारा नानक झिरा आणि शेवटी बिदरी कामाचं दुकान. (मदरशाला वीस मिनिटं, दुकानाला पाऊण तास!) मीही ही सहल केली. माझी तक्रार वेळेबद्दल नाही, सांगितल्या जाणाऱ्या गोष्टीबद्दल आहे.

मदरशासमोर आमच्या गाईडने निळ्या फरशांचं काम, उरलेला एकच मिनार, औरंगजेबाच्या काळातला दारूचा स्फोट, सगळं घडाघडा म्हणून दाखवलं. गवान कोण? तर "वजीर था." संपलं! आम्ही गोव्याचे म्हटल्यावर म्हणाला, "वा, बीच!"

अहो, हा मदरसा उभा राहिला १४७२च्या सुमारास, आणि त्याच १४७२मध्ये याच गवानने विजयनगरकडून गोवा घेतला. अरबी घोडे उतरणारं बंदर ज्याच्या हाती त्याचं घोडदळ भारी, असा रोखठोक हिशेब होता तो. पुढे १४८१मध्ये एका बनावट पत्रावरून सुलतानाने त्याचं डोकं उडवलं आणि बहमनी राज्याचे तुकडे पडू लागले. गवानच्या आश्रयाने वर आलेल्या यूसुफ आदिलखानाने विजापूर थाटलं, गोवा त्याच्याकडे गेला. १५१०मध्ये आल्बुकेर्कने गोवा घेतला तो विजापूरकरांकडून. पणजीत आपण 'आदिलशहाचा वाडा' म्हणतो त्याचा धागा असा थेट बिदरपर्यंत जातो.

पण त्या गाईडला एकट्याला काय बोलायचं? आपल्याकडे तरी काय उजेड आहे? जुन्या गोव्यात बस थांबली की घड्याळ १५१०लाच सुरू होतं. सेंट कायेतान चर्चजवळ आदिलशाही वाड्याचं एक दगडी दार उभं आहे. तिथे किती गाईड पर्यटकांना थांबवतात?

आपल्यातले काही म्हणतील, बहमनींशी मराठी माणसाचं काय देणंघेणं? मग दामाजीपंत कुणाचे चाकर होते हो? दुष्काळात मंगळवेढ्याचं कोठार त्यांनी लुटवलं, आणि विठू महार होऊन पांडुरंगाने पैसे भरले ते बिदरच्याच दरबारात, असंच ना आपण कीर्तनात ऐकत आलो? अष्टूरला अहमदशहा वलीच्या उरुसाला लिंगायतही जातात. भालकी, औराद, बसवकल्याणच्या बाजारात आजही मराठी कानावर पडते. पण सहलीच्या पत्रकात यातलं काहीच नाही, कारण ते कुठल्याच एका खणात बसत नाही.

गोव्यातून दरवर्षी पंढरपूरला दिंड्या जातात. तिथून मंगळवेढा हाकेच्या अंतरावर, आणि बिदर आणखी एका दिवसाचा प्रवास. आयोजक मंडळींनो, एखाद्या वर्षी परतताना वाट वाकडी करा, आणि जाताना दामाजीची गोष्ट सांगणारा एखादा कीर्तनकार बरोबर न्या. गाईड नको.