खोपडीला नोकरी का मिळत नाही?

'नाका' हा शब्द मोठा मजेशीर आहे. एके काळी नाका म्हणजे जकात भरायची जागा. जकात कधीच गेली, पण नाके जागच्या जागी आहेत. आमच्या पनवेलमध्येच बघा ना, टपाल नाका, उरण नाका, सगळे शाबूत! आणि संध्याकाळी "आई, जरा नाक्यावर जाऊन येतो" असं सांगून जो मुलगा सटकतो, तो काही जकात भरायला जात नाही, हे आईलाही ठाऊक असतं.

या नाक्याला हिंदीत म्हणतात 'नुक्कड'. १९८६ साली दूरदर्शनवर याच नावाची एक मालिका सुरू झाली. तुमच्या बाबांना, मामांना, नाहीतर काकूला नुसतं "खोपडी" असं म्हणून बघा. चेहऱ्यावर हसू आलं नाही तर मला सांगा! तेव्हा घरोघरी एकच चॅनल होतं आणि तेही सगळ्यांच्या घरी नव्हतं. ज्यांच्याकडे टीव्ही त्यांच्या दारात चपलांचा ढीग. रिमोटवरून भांडायचा प्रश्नच नव्हता, कारण बदलायला दुसरं काही नव्हतंच.

'नुक्कड'मध्ये ना राजवाडे होते, ना विमानातून उतरणारे हिरो. मुंबईतला एक साधा रस्त्याचा कोपरा, बस्स. तिथे गुरू नावाचा इलेक्ट्रिशियन होता (दिलीप धवन). सायकली दुरुस्त करणारा हरी होता (पवन मल्होत्रा). हॉटेलवाला कादरभाई (अवतार गिल), करीम न्हावी (जावेद खान), घरकाम करणारी राधा (संगीता नाईक), मुलांना शिकवणाऱ्या टीचरजी (रमा विज), घन्शू भिकारी (सुरेश भागवत). शिवाय आपला मराठमोळा गणपत हवालदार, म्हणजे अजय वढावकर. आणि या सगळ्यांच्या मधून झोकांड्या खात जाणारा खोपडी, म्हणजे समीर खक्कर. काम नाही, धंदा नाही, घर नाही. आहे तो फक्त नाका.

दिग्दर्शक होते कुंदन शाह आणि सईद मिर्झा. कुंदन शाहांनी त्याआधी १९८३ मध्ये 'जाने भी दो यारो' हा धमाल सिनेमा केला होता. सईद मिर्झांच्या १९८० च्या 'अल्बर्ट पिंटो को गुस्सा क्यों आता है' मधला अल्बर्ट गाड्या दुरुस्त करणारा मेकॅनिक होता आणि त्याचे वडील गिरणीत काम करणारे. म्हणजे कामगारांची घरं या मंडळींनी आधीपासून डोळे उघडून पाहिली होती.

आता जरा त्या वेळची मुंबई डोळ्यांसमोर आणा. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. डॉ. दत्ता सामंत त्यांचे पुढारी. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले आणि त्यातले पुष्कळ जण परत आत गेलेच नाहीत. गिरणगावातल्या चाळींमधून घरंच्या घरं कोकणात परत निघाली. आणि मुंबईहून कोकणात जाणारा रस्ता कुठून सुरू होतो? आमच्या पनवेलपासून! वळकट्या, ट्रंका, पोरंबाळं घेऊन ती माणसं इथूनच पुढे गेली. हे सगळं ताजं असतानाच 'नुक्कड' पडद्यावर आली. त्यामुळे "काम मिळत नाही" हे वाक्य त्या मालिकेत कुणाला समजावून सांगावं लागलं नाही.

तर मूळ प्रश्न असा की, खोपडीला नोकरी का मिळत नाही?

सोपं उत्तर, तो दारू पितो म्हणून. खरं आहे ते. पण दुसरं एक उत्तर आहे आणि ते मालिका लिहिणाऱ्याच्या टेबलावर सापडतं. अशा मालिकांना 'सिटकॉम' म्हणतात. ठरलेली जागा, ठरलेली माणसं, दर आठवड्याला नवा घोळ! घोळ निस्तरला की सगळे पुन्हा होते तिथे. आता समजा, खोपडीला बँकेत नोकरी लागली, त्याने इस्त्रीचा शर्ट घातला आणि ८.१७ ची लोकल पकडली, तर पुढच्या आठवड्यात नाक्यावर कोण येणार? मालिकेचं दुकानच बंद! म्हणून सिटकॉममधला माणूस श्रीमंत होता होता राहतो, त्याला बढती मिळता मिळता हुकते. लेखकाला ते मुद्दाम करावंच लागतं.

याचा सगळ्यात गाजलेला नमुना अमेरिकेतला आहे. 'द हनिमूनर्स' नावाची मालिका. १९५५-५६ साली तिचे ३९ भाग झाले. नायक राल्फ क्रॅमडेन हा न्यूयॉर्कमधला बस ड्रायव्हर. म्हणजे आपल्या एसटीच्या ड्रायव्हरकाकांचा भाऊबंदच म्हणा. वरच्या मजल्यावरचा शेजारी एड नॉर्टन गटारांच्या बोगद्यांत उतरून काम करणारा. राल्फच्या घरी काय? एक टेबल, दोन-चार खुर्च्या, मोरी, एक खिडकी. जवळजवळ सगळं नाटक त्या एका खोलीत. राल्फच्या डोक्यात रोज नवी स्कीम, झटपट श्रीमंत व्हायची! आणि ती रोज आपटायची.

त्यातला एक भाग सांगतोच तुम्हाला. राल्फला टीव्हीवरच्या एका प्रश्नमंजूषेत बोलावतात. आपल्या 'कौन बनेगा करोडपती'सारखंच प्रकरण, पण त्याच्या तब्बल ४४ वर्षं आधीचं. बक्षीस ९९,००० डॉलर आणि विषय लोकप्रिय गाणी. पठ्ठ्या आठवडाभर घरात पियानो आणून घोकंपट्टी करतो. नॉर्टन सुरावट वाजवणार, राल्फ गाण्याचं नाव आणि ते कुणी रचलं हे सांगणार. अगदी तोंडपाठ! पण नॉर्टनला एक खोड. प्रत्येक गाण्याआधी बोटं मोकळी करायला म्हणून तो 'स्वानी रिव्हर' या जुन्या गाण्याच्या चार ओळी वाजवतो. दर वेळी! राल्फ वैतागतो, ओरडतो, केस उपटायच्या बेतात येतो. शेवटी तो दिवस उजाडतो. राल्फ ऐटीत उभा. पहिला, सगळ्यात सोपा प्रश्न येतो, 'स्वानी रिव्हर' कुणी रचलं? राल्फ घामाघूम. त-त-प-प करतो आणि उत्तर देतो, "एड नॉर्टन?"

(ते गाणं स्टीफन फॉस्टर यांनी १८५१ मध्ये रचलं. कधी तुम्ही अशा खुर्चीत बसलात तर उपयोगी पडेल!)

प्रेक्षक हसून लोळले. पण बघा हं, त्याच्या आठवडाभराच्या मेहनतीचं काय झालं? त्याने सगळं केलं होतं, फक्त कानावर रोज पडणारी गोष्ट सोडून. परीक्षेच्या आदल्या रात्री ज्यांनी हा अनुभव घेतलाय, ते हसताना जरा दचकले असतील!

राल्फचं काम करणारा नट जॅकी ग्लिसन खराखुरा गरिबीतून वर आला होता. मालिकेत राल्फचं घर ब्रुकलिनमधल्या चॉन्सी स्ट्रीटवर दाखवलंय, आणि त्याच रस्त्यावर ग्लिसन लहानपणी राहायचा. तो नऊ वर्षांचा असताना त्याचे वडील घर सोडून गेले, ते परत आलेच नाहीत. पैशाची चणचण कशी दिसते, हे त्याला कुणी शिकवायला नको होतं. २००० साली न्यूयॉर्कच्या मोठ्या बस स्थानकाबाहेर राल्फ क्रॅमडेनचा ड्रायव्हरच्या पोशाखातला पुतळा उभारला गेला. कधीच न जन्मलेल्या बस ड्रायव्हरचा पुतळा! आपल्या पनवेल स्टँडवर असा एखादा कंडक्टर, खांद्याला तिकिटांची बॅग लावलेला, का असू नये?

मात्र राल्फचं सगळंच मला आवडत नाही. रागावला की तो बायकोवर मूठ उगारून तिला ठोसा मारायच्या बाता करतो. मारत नाही कधी, आणि ॲलिसही घाबरत नाही, उलट दोन शब्दांत त्याची हवा काढते. तरी तेव्हा लोक त्या मुठीला हसले, आज ते हसू घशात अडकतं. नोकरीत साहेबापुढे मान खाली घालणारा माणूस घरी येऊन आवाज चढवतो, हे काही विनोदी नाही. आपल्या 'नुक्कड'मध्ये ही मूठ नव्हती, मला ती मालिका त्यासाठीही जवळची वाटते.

मराठीतही नोकरीच्या कटकटींवर हसवणारी माणसं होऊन गेली. चिं. वि. जोशींचे चिमणराव आणि गुंड्याभाऊ १९७० च्या दशकाच्या शेवटी मुंबई दूरदर्शनवर आले. दिलीप प्रभावळकर आणि बाळ कर्वे यांनी ते असे काही साकारले की, लोक त्यांना त्याच नावांनी हाक मारू लागले. नंतर १९८८ मध्ये आर. के. लक्ष्मण यांचे वागळे आले. पण चिमणराव काय, वागळे काय, दोघेही कारकून. महिनाअखेर ओढाताण, तरी एक तारखेला पगार नक्की. 'नुक्कड'मधल्या लोकांची एक तारीख कधी उजाडतच नाही. आज कमावलं तर आज जेवायचं. हा फरक मोठा आहे.

त्यांच्या हातात मात्र कसब असतं. वायर जोडणं, पंक्चर काढणं, केस कापणं. पण नुसत्या कसबाने तरी पोट भरतं का? आमच्या पनवेलचीच गंमत सांगतो. शे-सव्वाशे वर्षांपूर्वीच्या सरकारी गॅझेटिअरमध्ये पनवेलची ख्याती कशासाठी दिली आहे माहीत आहे? बैलगाडीच्या चाकांसाठी! घाटावरचे गाडीवान इथून चाकं विकत नेत. मधला तुंबा, त्यात बसवलेले आरे, वरून तापवून चढवलेली लोखंडी धाव. एक सूत चुकलं तर चाक डगमगणार. ते सुतार काही आळशी नव्हते. त्यांची चाकं वाईट झाली म्हणूनही धंदा गेला नाही. रेल्वे आली, मोटारी आल्या, आणि बैलगाड्याच उठल्या.

चाकं लांबची वाटत असतील, तर रसायनी बघा. पनवेलहून रोह्याकडे जाणाऱ्या गाडीत बसलात की लागतं ते स्टेशन. तिथे हिंदुस्थान ऑरगॅनिक केमिकल्स हा सरकारी कारखाना. कंपनीची स्थापना १९६० ची. मे २०१७ मध्ये केंद्र सरकारने तिथले तोट्यातले सगळे प्लांट बंद करायचं ठरवलं. रॉकेटसाठी लागणारं एक रसायन बनवणारा प्लांट तेवढा इस्रोकडे द्यायचा, असा निर्णय झाला. ज्याला आपला हुद्दा, आपली शिफ्ट, आपली कॉलनी माहीत होती, अशा माणसाला "आता काय करता?" हा प्रश्न किती टोचत असेल!

तुमच्या वर्गातही कुणीतरी असेल, "बाबा सध्या रजेवर आहेत" असं चार महिने सांगणारा. त्याला खोदून खोदून विचारणारे दोस्तही असतील. मला 'नुक्कड' आठवते ती इथे. त्या नाक्यावर खोपडीची रोज थट्टा व्हायची. तोही करायचा. पण "तू इथे कशाला येतोस?" असं त्याला कुणी म्हणत नसे. हॉटेलवाला, हवालदार, न्हावी, सगळ्यांत तो धरलेला होता. पिणं वाईट होतं, ते मालिकेनेही चांगलं ठरवलं नाही. माणूस मात्र मोजणीतून वगळला नाही.

आणि आता समीर खक्करांची स्वतःची गोष्ट ऐका, ती कुठल्याही मालिकेपेक्षा भारी आहे. खोपडी इतका गाजला की, त्यांना पुढे दारुड्याच्याच भूमिका येत राहिल्या. ते कंटाळले. १९९६ मध्ये अभिनय सोडून थेट अमेरिकेला गेले आणि तिथे चक्क कॉम्प्युटरचे प्रोग्रॅम लिहायची नोकरी करू लागले! नाक्यावरचा बेकार खोपडी कीबोर्डपुढे, ही कल्पनाच करून बघा. मग २००८ ची मंदी आली आणि हजारोंबरोबर त्यांचीही नोकरी गेली. ते मुंबईला परतले, पुन्हा छोट्या छोट्या भूमिकांपासून सुरुवात केली. २०१४ मध्ये 'हँसी तो फँसी'त दिसले, २०२३ च्या 'फर्जी' मालिकेतही होते. १५ मार्च २०२३ ला ते गेले. त्याच्या महिनाभर आधीच करीम न्हावी, म्हणजे जावेद खान, गेले होते. दिलीप धवन, अजय वढावकर, कुंदन शाह त्याआधीच गेलेले. नाका बराच रिकामा झाला म्हणायचा.

पनवेलचे नाके मात्र रिकामे नाहीत. सकाळी क्लासला जाताना कधी थांबून बघा. थापी घेतलेला गवंडी, ब्रशचा डबा घेतलेला रंगारी, फावडं-घमेलं घेऊन आलेल्या बिगारी बाया. मुकादम येतो, चार बोटं दाखवतो, चौघं टेम्पोत चढतात. उरलेले दहा वाजेपर्यंत वाट बघतात. शेजारी इतक्या इमारती उठल्या, २०२५ मध्ये विमानतळही सुरू झाला, त्यातल्या कितीतरी भिंती या हातांनी लिंपलेल्या असणार.

तर आता वही काढा. या आठवड्याचं काम असं, तुमच्या नाक्यावरच्या एका माणसावर दोन पानांचा प्रसंग लिहायचा. सायकलवाला घ्या, वडापाववाली घ्या, रिक्षावाले काका घ्या. खरं नाव घालायचं नाही, बदलून घ्यायचं. प्रसंगात त्याच्या कामाचा एक तरी घोळ हवा, आणि हसू यायला हवं. लिहून झालं की त्या माणसासमोर बसून वाचता येईल का, हे स्वतःला विचारा. येत नसेल, तर पान फाडा आणि पुन्हा लिहा. आणि हो, त्याला श्रीमंत करायचं की नाही, ते तुम्ही ठरवा. तुम्हाला पुढच्या आठवड्याचा भाग थोडाच लिहायचाय!