अंतर पायांनी मोजा



"गावापासून फाटा ३ किलोमीटर, म्हणजे एस.टी.ची सोय आहे," असे कागदावर लिहून साहेब मोकळे होतात. हे ३ किलोमीटर मोजले कशाने? जीपने. डोक्यावर वांग्यांची पाटी, पायाखाली चिखल आणि परतताना चढ असला की हाच रस्ता किती लांबतो, ते बाजारकरणीला विचारा.

माणूस अंतर पाहून वाट धरत नाही, दम पाहून धरतो. सपाटीला चालणारा तासाला ५ किलोमीटर जातो. जवळपास तेवढ्याच दमात सायकलवाला १५ जातो. पण चढ लागला, समोरून वारा सुटला की उतरून ढकलायची वेळ. बैलांचेही तेच. लोखंडी धावेची लाकडी चाके जाऊन टायरची गाडी आली तेव्हा तीच जोडी जास्त माल ओढू लागली आणि लांबची पेठ आवाक्यात आली. रस्ता तोच, अंतर तेच. कमी झाले ते ओढण्याचे कष्ट.

या कष्टांची किंमत आपण रोज भरतो. १५ किलो मिरची फाट्यापर्यंत वाहवत नाही, म्हणून ती दारात आलेल्या व्यापाऱ्याला तो म्हणेल त्या भावाने जाते. गुडघे धरलेली म्हातारी दवाखान्याची खेप पुढच्या आठवड्यावर ढकलते. शाळा लांब पडली की आधी मुलगी घरी बसते. मानव विकास कार्यक्रमातून निवडक तालुक्यांत आठवी ते बारावीच्या मुलींना सायकली मिळाल्या, हे चांगलेच झाले. उखडलेल्या खडीवरून ती चालवायची कशी, हे बहुधा दुसऱ्या खात्याचे काम! मार्च २०२३ पासून महिलांना एस.टी.चे अर्धे तिकीट झाले. पण तिकीट गाडीत बसल्यावर लागते. फाट्यापर्यंतच्या पायपिटीला सवलत नाही.

कृषिमूल्य आयोग उत्पादन खर्चात घरच्या माणसांची मजुरी धरतो. मग खताची गोणी फाट्यावरून पाठीवर आणली, एका सहीसाठी सोसायटीत दोन हेलपाटे घातले, ते कोणत्या रकान्यात लिहायचे? खरे सांगायचे तर आपणही ते धरत नाही. मोटारसायकलचे पेट्रोल मात्र पै न् पै धरतो.

येत्या जिल्हा बैठकीला प्रत्येक गावाने एक कागद आणावा: घरापासून फाटा, बाजार, बँक, शाळा आणि दवाखान्याला ओझ्यासह किती मिनिटे लागतात, चढ किती, पावसाळ्यात वेळ किती वाढतो. जी माणसे रोज पायी जातात त्यांनीच मोजावे. मोटारसायकलवरून मोजलेले आकडे घेतले जाणार नाहीत.