उद्याचे गाव कोणी रंगवावे?

विज्ञानकथा म्हणजे मुलांची घटकाभर करमणूक, अशी आपल्या बोरगाव-निपाणी भागातील पुष्कळ घरांत समजूत आहे. आम्हांस ती मान्य नाही. कारखान्यात घडण्यापूर्वी यंत्र बहुधा कोणाच्या तरी कल्पनेत घडलेले असते, आणि उद्या काय हवे व कशाचे भय बाळगावे, हे समाज त्या कल्पनेवरूनच ठरवू लागतो.

ज्यूल व्हर्न यांनी १८६५ सालच्या कादंबरीत आपले प्रवासी तोफगोळ्यात बसवून फ्लॉरिडातून चंद्राकडे धाडले. तोफेच्या धक्क्याने खरा प्रवासी वाचला नसता. परंतु रशियाचे त्सिओल्कोव्हस्की यांना अंतराळप्रवासाचा ध्यास लागला तो व्हर्न यांच्या लेखनातून. त्यांनी तोफ सोडून अग्निबाणाचे गणित मांडले. १९६९ साली मानव चंद्रावर उतरला, तो फ्लॉरिडातूनच, पण अग्निबाणाने निघून.

‘रोबोट’ हा शब्दही साहित्याचीच देणगी. कारेल चापेक यांच्या १९२० सालच्या नाटकातून तो जगभर गेला. मूळ चेक शब्दाचा अर्थ वेठीचे श्रम. राबणाऱ्याचे पुढे काय, हा प्रश्न त्या नावातच आहे.

मराठीत ही परंपरा लोकप्रिय केली ती कोल्हापुरात जन्मलेल्या डॉ. जयंत नारळीकर यांनी. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत त्यांनी टोपणनावाने पाठविलेली ‘कृष्णविवर’ ही कथा पहिली आली. पुढे ‘वामन परत न आला’ या कादंबरीत त्यांनी माणसाच्या हाताबाहेर जाऊ पाहणारे बुद्धिमान यंत्र रंगविले. कृत्रिम बुद्धिमत्तेची आजची चिंता मराठी वाचकास अशी फार पूर्वीच भेटली. २०२५ साली नारळीकर गेले. त्यांचे काम मात्र संपलेले नाही.

कारण आपल्या भागाचे प्रश्न आपणच विचारावे लागतील. तंबाखूच्या वखारीत राबणारे व विड्या वळणारे हात उद्या काय करतील? यंत्राने वाचविलेला वेळ कोणाच्या पदरात पडेल? दूरदेशीचा लेखक हे लिहिणार नाही.

म्हणून पालकांना आमची विनंती, की येत्या सुटीत घरातील मुलामुलींना एक विषय द्यावा : पन्नास वर्षांनंतरचे आपले गाव. कथा मराठीत लिहोत वा कानडीत. त्यांतील यंत्रे चुकली तरी हरकत नाही. त्या गावात कोणाला काम आहे, आणि कोणाची आठवणही उरलेली नाही, एवढे मात्र वडीलधाऱ्यांनी लक्षपूर्वक वाचावे.